तंतुरावांचे तीन टॅब

एका जंगलात, मुलांनो, झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या. तिथे तंतुराव नावाचा सुगरण पक्षी राहायचा. सुगरणींत घरटं नर विणतो, बरं का. अर्धं विणून मादीला दाखवतो, तिनं चोच मुरडली की दुसरं घेतो. तंतुरावांची अशी सतरा अर्धी घरटी बाभळीवर लोंबत होती.

एकदा चंद्री हरिणी आली. सोबत तिचं लहानगं पाडस.

"भाऊ, पाणवठ्यावर फळा हवा. त्याला तीन टॅब. 'पाणी', 'गवत' आणि 'वाघ आज कुठे'. नाक लावू तो उघडावा, बाकीचे मिटावेत. वाघाचा तेवढा आधी करा."

"ताई, नुसत्या वाघासाठी विणू? मी असा टॅब विणतो, जो कुणालाही, कुठेही, पुन्हा पुन्हा वापरता येईल."

तंतुराव कामाला लागले. टॅब हत्तीच्या सोंडेनं उघडला पाहिजे, मुंगीच्या पायानंही. वटवाघळासाठी तो उलटा टांगायची सोय केली. वटवाघळानं काही मागितलं नव्हतं.

चंद्री रोज विचारायची, "वाघाचं झालं का हो?"

"अजून पायाच भरतोय," तंतुराव म्हणायचे. ती बिचारी पाडसाला घेऊन तहानलेलीच परत जायची.

शेवटी उद्घाटन झालं. भाषणं संपल्यावर चंद्रीनं तिसऱ्या टॅबला नाक लावलं. बाकीचे दोन अलगद मिटले. सगळे वा वा म्हणत घरी गेले. टॅबमध्ये लिहिलं होतं, 'इथे मजकूर येईल.'

चंद्री भाबडी. येईल म्हणतात तर येईल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. मजकूर आला नाही. वाघ आला.

पाडस झुडपात होतं म्हणून वाचलं.

तंतुरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. दोन दिवस त्यांनी चोचीत काडी धरली नाही. तिसऱ्या दिवशी बाभळीखाली वाघोबा आले.

"तंतुराव, फळा झकास आहे. आमच्या गुहेलाही एक द्या. 'न्याहारी', 'जेवण', 'फराळ'." वाघोबांनी मजकूरही तयार आणला होता.

तंतुरावांनी नुसती नावं बदलली. एकही गाठ सोडावी लागली नाही. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

वाघोबा गेल्यावर ते झुडपातून बाहेर आलेल्या पाडसाला म्हणाले, "बघ, तुझ्या आईला मी हेच सांगत होतो."

पाडस बाभळीला टांगलेल्या नव्या फळ्यावरचा 'न्याहारी'चा मजकूर वाचत होतं. त्यात त्याचंच नाव होतं.

तात्पर्य: टॅब पुन्हा पुन्हा वापरता येतो, हरीण एकदाच. म्हणून मुलांनो, टॅबची नीट काळजी घ्या.