डेटाबेस फाट्यावर

"सुचिताताई, तुम्ही फक्त मेळाव्याच्या हॉलचं बघा. डेटाबेस मी असा हलवतो की कुणाला कळणारसुद्धा नाही." हे दिपेश स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कामोठ्यात सुचिताताईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे आणि दिपेश तिथला एकुलता एक कॉम्प्युटरवाला. अकरा हजार चारशे स्थळं कोपऱ्यातल्या एका काळ्या पेटीत, म्हणजे सर्व्हरमध्ये. ती ज्या फुकटच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालायची त्याच्या कंपनीने अचानक अटी बदलल्या. तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी तोच कोड उचलून आपली वेगळी वाट काढली. याला म्हणतात फोर्क, आणि दिपेशला आता त्या वाटेने जायचं होतं. ताईंची अट एकच होती. "रविवारी खांदेश्वरला मेळावा आहे. एक जरी स्थळ गहाळ झालं तर सोमवारी येऊ नकोस."

ऑफिसात नोटीस मराठीतच लावायची, हा ताईंचा दंडक. फोर्कला मराठीत काय म्हणावं यात दिपेशने अख्खी सकाळ घातली आणि फळ्यावर लिहिलं, 'शनिवारी दुपारी डेटाबेस फाट्यावर हलवण्यात येईल. सर्वांनी सहकार्य करावे.' स्वतःच्या मराठीवर गडी इतका खूश, की फोटो काढून बायकोला पाठवला.

शनिवारी निवांत जेवून परत आला, तर पेटीच्या जागी नुसता धुळीचा चौकोन.

"नमिता, सर्व्हर कुठाय?"

"कमळाकरकाका घेऊन गेले ना, रिक्षाने." रिसेप्शनवरची नमिता मेळाव्याचे बिल्ले मोजत होती. "डेटाबेस कुठला ते विचारलं, मी दाखवला."

"कुठे नेला?"

"उरण फाट्यावर. तूच लिहिलंयस की."

कमळाकर म्हणजे ऑफिसचा शिपाई, मूळचा उरणचा, त्याच्यासाठी जगात फाटा एकच, आणि सहकार्य करा म्हटलं की मनापासून करणारा. त्याला फोन लावला, तर तो समोरच्याच टेबलावर चार्जिंगला वाजायला लागला. बॅकअपची डिस्क? ती हाताशी असावी म्हणून दिपेशनेच पेटीवर ठेवली होती. म्हणजे तीही फाट्यावर.

त्याने स्कूटर काढली. वाटभर देवाला सोडून, रिक्षा ज्यांवरून गेली असेल त्या खड्ड्यांनाच मनातल्या मनात हात जोडत गेला.

उरण फाट्यावर पुलाच्या सावलीत कमळाकर बसलेला. पेटी मांडीवर, पेटीवर डिस्क आणि डिस्कवर स्वतःचा टॉवेल.

"बरं झालं आलात सायेब. दीड तास बसलोय, कुनी घ्यायलाच आला नाय."

"अहो काका, मांडीवर कशाला घेतलीत?"

"लोकांच्या पोरांची लग्नं हायत हिच्यात. भुईवर ठेवू काय?"

दिपेश शेजारी मटकन बसला आणि दोघांनी चहा मागवला. इतका गोड चहा त्याने जन्मात प्यायला नव्हता.

परत येऊन पेटी जोडली, ती सुरू झाली. फोर्कवर जायला मोजून वीस मिनिटं लागली. अकरा हजार चारशे स्थळं, एक कमी नाही. दिपेशने तीनदा आकडा बघितला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ताई हॉलवरून आल्या. आधी फळा वाचला, मग कोपऱ्याकडे पाहिलं.

"काय रे, फाट्यावर हलवणार होतास ना? पेटी तर इथंच आहे."

तेवढ्यात कमळाकर ताईंपुढे कप ठेवत म्हणाला, "नेली व्हती ताई. तिथं जागाच नाय, म्हनून परत आनली."

"वाटलंच मला," ताई म्हणाल्या. "दिपेश, अशा वेळी आधी जागा बघून यायची असते."

दिपेशने मान डोलावली आणि फळा पुसायला घेतला.