शेंदूर फासलेलं इंजिन

हेरंबरावांनी वाफेच्या इंजिनावरचं एक इंग्रजी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं, आणि लालबागच्या त्या गिरणीत असा कारकून आपण एकटेच आहोत, हे ते कुणाला विसरू देत नसत. म्हणूनच "आठ दिवसांत इंजिनाची तेलगळती थांबली नाही, तर तेलवाल्या कुशाबाला काढा" असा हुकूम मॅनेजरसाहेबाने लिहायला सांगितला, तेव्हा त्यांनी दौतीत टाकच बुडवला नाही.

"हुकूम राहू द्या, साहेब. गळती मी शोधतो."

इंजिन जुनं होतं. त्याच्या मुख्य बेअरिंगखाली रोज तेलाचं डबकं साचे आणि कुशाबा ते चिंध्यांनी पुसे.

"भाऊसाहेब, ते गळायचंच," कुशाबा म्हणाला. "वरनं घातलं की खालनं येतंय."

"का येतं, त्याला शास्त्र आहे. तू बाजूला हो."

कोरडी पूड भुरभुरली की ओल कुठून फुटते ते दिसतं, असं पुस्तकात होतं. हेरंबरावांनी गिरगावच्या बिऱ्हाडी पत्नी कालिंदीबाईंकडे तांदळाची पिठी मागितली.

"इंजिनाला? त्यालाही आता उकडीचे मोदक लागतात वाटतं."

"तुला नाही कळायचं."

चालत्या इंजिनाच्या वाऱ्याने निम्मी पिठी हेरंबरावांच्या मिशांवर बसली. उरलेलीने मात्र काम केलं. बेअरिंगच्या खालच्या कडेला दोन ओले ओघळ उमटले. रविवारी गिरणी बंद असताना त्यांनी शेंदूर आणि जवसाचं तेल मळून, त्यात ताग घालून ती कड गच्च बुजवली. खात्रीसाठी वरूनही सगळीकडे जाड थर दिला.

सोमवारी जमीन कोरडी ठणठणीत. साहेबाने पाठ थोपटली. शेंदरी इंजिन पाहून कामगार येता-जाता हात जोडू लागले, आणि रीळखात्यातल्या शेवंताने तर त्याला रुईच्या पानांची माळ घातली.

"भाऊसाहेब, बेअरिंगवरच्या वाटीतलं तेल उतरंना," कुशाबा म्हणाला.

"म्हणजे वाचलं ना तेल?"

दुपारच्या आत शेंदरातून धूर निघू लागला. कुणीतरी देवापुढे धूप घातला असेल, असं समजून दोघीतिघींनी डोळे मिटले. कुशाबा मात्र धावला आणि त्याने वाफ तोडली. पट्टे ढिले पडले, एकेक माग गप्प होत गेला आणि अख्खी गिरणी थांबली.

साहेब धावत आला तोवर कुशाबाने छिन्नीने शेंदूर खरवडून काढला होता. "खालनं जाईल तेव्हा वरनं नवं येईल, साहेब. त्याच्यावर तर हे लोखंड थंड राहतंय."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" साहेबाने विचारलं.

"सांगितलं की. भाऊसाहेबांना."

साहेब हेरंबरावांकडे वळला. हेरंबरावांना एकाएकी मिशा झटकाव्याशा वाटल्या. बेअरिंगखाली एक पत्र्याची परात ठेवायची आणि कुशाबाला कामावरून काढायचं नाही, असं ठरलं. बेअरिंग निवायला संध्याकाळ होणार, म्हणून कामगारांना सुट्टी मिळाली. गिरणी का थांबली याचं मालकांना पत्र लिहायचं काम हेरंबरावांकडे आलं. ते त्यांनी तीनदा फाडलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताने त्यांना फाटकातच गाठलं. आता ही काय ऐकवते म्हणून हेरंबराव मान खाली घालून उभे राहिले.

"भाऊसाहेब, काल उजेडी घरी गेले. दोन वर्षांत पयल्यांदा कामाच्या दिवशी पोरगी जागी गावली." मग इकडेतिकडे बघून तिने आवाज खाली आणला. "पुढची दुरुस्ती कधी काढताय?"