जेवणाच्या सुट्टीतला पूल

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका बंदरगावात नदीवर नवा उचलता पूल झाला होता. शनिवारी त्याचं उद्घाटन होतं आणि त्याच दिवशी मायेलचं लग्न. ती राहायची नदीच्या अलीकडे, लग्न लागायचं ती नगरपालिका पलीकडे. नवरी नव्या पुलावरून यावी ही महापौरबाईंची हौस. पुलाची संगणकातली प्रतिकृती मायेलनेच केली होती. ती खऱ्या पुलासारखी चाले, तिच्या प्रत्येक हालचालीची नोंद होई, आणि ती नोंद हवी तेव्हा मागेपुढे फिरवून पाहता येई.

बुधवारी नोंद मागे फिरवताना मायेलला चूक दिसली. प्रतिकृतीत दोन्ही बाजूंनी एकदम बोटी सोडल्या, की पूल उघडत होता आणि मिटायचं नाव घेत नव्हता.

"मस्यो, दुरुस्तीला दोन आठवडे तरी द्या," ती कार्यालयाचे संचालक त्रेव्हिदिक यांना म्हणाली.

"अगं, पूल छान आहे. नोंद वाईट आलीय. चांगली नाही का एखादी?"

होती. मंगळवारी प्रतिकृती चालू ठेवून सगळं कार्यालय नेहमीप्रमाणे बाराला जेवायला गेलं होतं. जाताना कुणीतरी एक बोट सोडली. पूल उघडला, मिटला, आणि मंडळी चीज संपवून परत येईपर्यंत मिटूनच राहिला.

तज्ज्ञ समितीने ही नोंद कॉफी पीत पाहिली. मग उलटी फिरवून पाहिली. उलट्या बाजूनेही चूक सापडेना, तेव्हा तिला 'आदर्श नोंद' म्हणून मान्यता मिळाली. प्रतिकृती यापुढे चालवू नये, असा आदेशही निघाला. नवी नोंद मान्य नोंदीशी विसंगत निघण्याचा संभव होता.

"आणि खऱ्या बोटी?" मायेलने विचारलं.

"त्यांना परिपत्रक गेलंय. त्यांनी नोंदीप्रमाणे यावं."

"मस्यो, माझं लग्न आहे हो त्या दिवशी!"

"मग तर झालंच! तुझ्या लग्नाच्या वेळी कोण मासे धरायला जातंय?"

मायेलने कपाळावर हात मारला आणि त्याच हाताने मान्यतेच्या कागदावर सही केली.

शनिवारी मासे धरायला कुणी गेलं नाही. पण तिच्या दोन्ही मामांनी भाचीला मानवंदना द्यायची म्हणून बोटी फुलांनी सजवल्या आणि ते भोंगे वाजवत दोन बाजूंनी एकदम आले. पूल उघडला तो उघडाच राहिला. नवरी अलीकडे, नवरा, साक्षीदार आणि महापौरबाई पलीकडे.

त्रेव्हिदिकनी तातडीने पलीकडच्या मोठ्या पडद्यावर आदर्श नोंद लावली. पडद्यावर पूल झकास मिटला आणि टाळ्या पडल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय? ती कुठाय?" नवरा ग्वेनोले ओरडला.

"रडवेला होऊ नकोस रे," महापौरबाई म्हणाल्या. "काल सराव केला ना आपण? तिचा 'हो' त्यात स्पष्ट आलाय."

सरावाची चित्रफीत लागली. पडद्यावरच्या मायेलने लाजत 'हो' म्हटलं.

"अहो, मी इथे आहे!" अलीकडची मायेल जीव तोडून ओरडली.

"शांतता राखा," महापौरबाई ध्वनिक्षेपकावरून म्हणाल्या. "लग्न चाललंय."

असलं लग्न कायदेशीर कसं, असं तुम्ही विचाराल. तुमच्या घरच्या शेवटच्या लग्नात, अंतरपाट दूर झाला तेव्हा, मोबाइल खाली ठेवून नवरीकडे पाहिलंत का, तेवढं आधी सांगा.