सरदारांच्या झारीचा पोचा

"गोजरबाई, ह्या झारीनं आपली हवेली तारली नाही, तर नावाचा गहिनीनाथ नाही!"

असं म्हणून गहिनीनाथानं छाती एवढी फुगवली की शर्टाचं बटण तटकन तुटलं आणि थेट सरदारांच्या पालखीत जाऊन पडलं. झाडलोट करणाऱ्या गोजरबाईनं ते शोधून त्याच्या हातावर ठेवलं. "नाव मागनं बदला, आदी बटन लावा."

शेवगावच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच सरदार बळवंतराव रणधुरे यांची हवेली होती. घराण्यातलं कोणी उरलं नाही, तेव्हा ट्रस्टनं तिथं म्युझियम थाटलं. व्यवस्थापक, माहिती सांगणारा, तिकीट फाडणारा असा सगळा लवाजमा म्हणजे एकटा गहिनीनाथ! पण साल होतं बाहत्तरचं. अख्खा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. तलवारी बघायला येणार कोण? अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत काही उत्पन्न दाखवा, नाहीतर कुलूप. ज्या घराची खुंटी न् खुंटी नऊ वर्षं पुसली, त्याला आपल्याच हातानं कुलूप घालायचं! गहिनीनाथाला घास गोड लागेना.

अशात मुंबईच्या एका हस्तकला भांडाराचं पत्र आलं. सरदारांच्या पितळी झारीसारख्या झाऱ्या करून विकायचा परवाना त्यांना हवा होता. प्रत्येक झारीवर हवेलीचा शिक्का आणि दरवर्षी ट्रस्टला मोबदला. अट एकच: नमुन्याची एक हुबेहूब झारी करून ठेवा, आमचे साहेब येऊन ती मूळ झारीशी ताडून पाहतील.

झारी होतीच तशी नामी. पोपटाच्या चोचीसारखी तोटी आणि पोटावर बोराएवढा पोचा. त्या पोच्यावर तर गहिनीनाथाचं अर्ध्या तासाचं भाषण होतं! सरदार पाणी पीत होते, गोळी सूं करत आली, झारी आडवी आली आणि वंश वाचला! ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावत. गोजरबाई मात्र हळूच म्हणायची, "मागल्या साली गोळी डावीकडनं आल्ती."

टॉवेलात झारी गुंडाळून गहिनीनाथ एसटीनं शेवगावला गेला. तिथले सहादेव ओतारी साठीचे, पण पितळ ओतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"सहादेवअण्णा, हिच्यासारखी हुबेहूब नवी झारी पाहिजे."

अण्णांनी झारी उलटीपालटी केली, बुडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, "वजन करून घिऊ का?"

"घ्या की! वजनसुद्धा तंतोतंत तेच पाहिजे!" गहिनीनाथ ऐटीत म्हणाला आणि परतीची एसटी गाठायला पळाला. आपल्या चोखंदळपणावर तो वाटभर खूश होता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी तो नमुना आणायला गेला. झारी अशी लखलखत होती की तिच्यात बघून दाढी करावी!

"वा अण्णा, वा! आणि जुनी कुठाय?"

"जुनी? ती मोडीत घेतली की!"

आता यात अण्णांची काय चूक? जुनं भांडं आणायचं, ओताऱ्यानं ते तोलून मोडीत घ्यायचं आणि त्याच पितळाचं नवं ओतून द्यायचं, ही बाप-आजापासूनची रीत. तोलून दिलेलं भांडं परत मागायला कधी कोणी आलंय?

"म्हणजे... वितळवली?"

"मंग काय उकडून खायची? तुमचंच पितळ हाय ह्यात, चिमूटभर वाडवलं आसंल. अन् पोट चेपल्यालं हुतं, ते बी नीट केलं. त्याचं येगळं काय लावलं न्हाई!"

गहिनीनाथ पायरीवर मटकन बसला. "अहो, सरदारांची झारी होती ती! गोळीचा पोचा होता तो!"

"गोळी?" अण्णांना हसू आवरेना. "आवं, बुडाला माज्या बापानं कोरल्याली खून हुती! मी सा वर्साचा आसंल. हवेलीच्या बाईसायबांनी गळकी झारी मोडीत घातली अन् बापाकडनं ही करून घेतली. अन् पोचा म्हंताय, तर ती ह्याच पायरीवरनं माज्या हातनं पडली! बापानं अशी लगावली, का अजून ह्या कानानं कमी ऐकू येतं."

गहिनीनाथाला नऊ वर्षांची सगळी भाषणं एकदम आठवली. पदर डोळ्याला लावणाऱ्या बायकाही आठवल्या. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हवेलीत येरझारा घालत होता. "गोजरबाई, मूळ झारी चोरीला गेली म्हणून सांगू का?"

"खरं काय ते सांगा. खोटं तुमाला झेपत न्हाई. गोळी कुन्या बाजूनं आली, ते बी ध्यानात ऱ्हात न्हाई तुमच्या!"

साहेब आले. हातात झारीचा फोटो. "मूळ कोणती आणि नमुना कोणता?"

"दोन्ही हीच, साहेब," गहिनीनाथ कसाबसा म्हणाला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. ओताऱ्यांना बोल लावू नका. मला काढा, पण ह्या घराला कुलूप लागेल असं करू नका."

साहेब जे हसत सुटले, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत!

"अहो, सरदारांच्या घरची झारी याच ओताऱ्यांच्या घरी, तिच्याच पितळात पुन्हा घडते! आणखी अस्सल काय हवं? आमच्या सगळ्या झाऱ्या त्यांनीच कराव्यात, शिक्का हवेलीचा. पण..." त्यांनी फोटो झारीशेजारी धरला. "हा पोचा कुठाय? गिऱ्हाईक पोच्यावरच तर भाळणार! पोचा पाहिजेच."

करारात तसं कलमच पडलं.

त्यामुळे हवेलीला कुलूप लागलं नाही. आता झारी घडली, घासून लखलखीत झाली, की सहादेवअण्णा ती घेऊन वरच्या पायरीवर उभे राहतात, देवाचं नाव घेतात आणि सोडून देतात. खाली गहिनीनाथ फोटो धरून बसलेला असतो, पोचा त्याबरहुकूम पडला का ते बघायला. ठण्ण आवाज होतो आणि दर वेळी अण्णांचा हात आपसूक कानावर जातो.

हवेलीतल्या झारीलाही पहिला पोचा असाच पडला. गोळीचं भाषण बंद झालं. गहिनीनाथानं स्वतःच्या हातानं नवी पाटी रंगवली:

'सरदार रणधुरे यांच्या घरची झारी. घडवणारे: सहादेव ओतारी, वय वर्षे साठ. मूळ पोचा पाडणारे: सहादेव ओतारी, वय वर्षे सहा.'