आईनं बांधलेली कॅरव्हॅन

सांगून ठेवतो, आख्ख्या न्हावऱ्यात कॅरव्हॅन फक्त माझ्याकडं आहे! बंगले पुष्कळांचे आहेत. ऊस गेला की जो तो एक मजला चढवतो. पण सगळे जागच्या जागी! माझं घर चाकावर. मनात आलं की चावी फिरवायची आणि घरासकट निघायचं. चहा न्हावऱ्यात, जेवण समुद्रासमोर! निदान बेत तरी तसा होता.

गाडी मूळची रुग्णवाहिका. कंपनीतली सुपरवायझरकी सोडली आणि शिरूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात संडास बसवून घेतला. बघायला गाव लोटलं. शेजारचा शंभू आत डोकावला.

"दत्ताभाऊ, सैपाक हितं आन् संडास हितं?"

"हो!"

"आन् मधी काय?"

"दार आहे की! हलकं, प्लायवूडचं!"

शंभूनं नाकाला रुमाल लावला. जळला असणार, दुसरं काय!

आई मात्र ओट्यावरून उठलीच नाही. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आईची निम्मी हयात घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं पायी चालण्यात गेली. रोज नवं रान, चुलीला रोज नवे तीन दगड. उतारवयात वडिलांनी न्हावऱ्यात जमीन घेतली, भिंती उभ्या केल्या, आणि तेव्हापासून आई एक रात्र घराबाहेर राहिलेली नाही.

"आई, बघ तरी! घरच आहे, फक्त चालतं!"

"चालतं ते घर कसलं रं? बिऱ्हाड म्हन की सरळ!" आई म्हणाली. "तुझ्या बापानं भिंती बांधल्या तवा म्हनले, सुटले बया! आन् तू पुन्ना घोडं आनलंस!"

मी आणि साधनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फार विनवण्या केल्या. शेवटी आई म्हणाली, "येते. पन आधी दौंडाकडं चल. नदीकाठाला. मंग कुठं न्यायचं तिथं ने."

"दौंडला काय आहे?"

"हाय काम."

समुद्र बाजूला राहिला आणि आमची कॅरव्हॅन दौंडाकडं निघाली! पहिल्याच गतिरोधकाला दुधाचं पातेलं पलंगावर. दुसऱ्याला पलंगावरची उशी बेसिनमध्ये. चौफुल्यापर्यंत आतून अशी भांडी वाजत होती की रस्त्यातले लोक वरात आली म्हणून बाजूला व्हायला लागले! आईला ते बघवेना. तिनं पिशवीतून दोरी काढली आणि एकेक वस्तू बांधायला घेतली. पातेलं, शेगडी, बादली, खुर्च्या. घोड्यावर सामान बांधायची तिची जुनी गाठ! घोडं उधळलं तरी सुटायची नाही अशी. वरवंड येईपर्यंत गाडीत आवाज म्हणून राहिला नाही.

वरवंडच्या पुढं साधना मागं गेली आणि ओरडत आली.

"अहो! आत्यांनी संडासाचं दार बांधलंय!"

"वाजत हुतं," आई म्हणाली.

मी गाडी थांबवून गाठीशी झटलो. नखं दुखली, गाठ ढिम्म! साधनानं सुरी आणली तशी आई केवढ्यानं ओरडली!

"दोरी कापायची न्हाई! आपल्यात दोर कापत न्हाईत. आज कापलास तर उंद्या कशानं बांधशील?"

मग तिनंच दोन बोटांनी कुठंतरी दाबलं आणि गाठ सुटली. मला दाखवलंही तिनं, कुठं दाबायचं ते.

दौंड मागं पडल्यावर आई काचेला नाक लावून बसली. ऊस, वीटभट्ट्या, प्लॉटिंगचे खांब. एकाएकी म्हणाली, "वळव! ती बघ मोटंची हीर!"

"आई, तिकडं रस्ता नाही!"

"घोडं जायाचं की!"

घोडं जायचं म्हणून मी गाडी घातली! नुकतं पाणी दिलेलं रान होतं. चारी चाकं अर्धी आत! पाच मिनिटांत वस्तीवरची माणसं जमली. रुग्णवाहिकेचा लाल पट्टा मी रंगवून घेतला नव्हता, ती चूक आता भोवली. दोन म्हाताऱ्या येऊन दारापाशी ओळीनं बसल्या. एकीनं चष्मा काढला. "मोतीबिंदू आधी बघता का गुडघं?"

"आजी, हे घर आहे!"

"व्हय व्हय. आम्ही थांबतो."

तेवढ्यात रानाचा मालक आला. हौसराव. मिशा थरथरत होत्या. "कुनाला इचारून रानात गाडी घातली? प्लॉटिंगवालं का तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत आई खाली उतरली. "आण्णांचं रान न्हवं का हे? आण्णा हायत का?"

"वडील वारले आमचे. तुमी कोन?"

"मेंढरंवालं सावळाराम. त्यांची मी बायकू, मुक्ता. उन्हाळ्यात आमची मेंढरं बसायची की ह्या रानात, खताला."

हौसरावांची मिशी जागेवर आली. "मावशी! तुमी? लहान हुतो मी. तुमच्या कोकरांमागं पळायचो!"

आईनं मान हलवली, पण थांबली नाही. ती विहिरीकडं चालत गेली, तिथं पलीकडच्या अंगाला बसली आणि हातानं जमीन चाचपायला लागली. साधनानं जवळ जाऊन विचारलं, "आत्या, काय सांडलं का?"

"माझी वच्छी," आई म्हणाली. "दत्ताच्या आधीची. तान्ही हुती. तापानं गेली. हितं ठेवली तिला. सकाळी रानवाल्याचं खत झालं, मेंढरं पुढं निघाली. घोड्यावर सामान मीच बांधलं. आन् गेले बया मी चालत. थांबून बसायला न्हाई मिळालं."

मला एक बहीण होती! वय पन्नाशीपार गेलं माझं, मला ठाऊक नव्हतं. माझ्या आठवणीत वडील मेंढरं घेऊन ह्या नदीकाठानं कधीच का आले नाहीत, तेही तेव्हा कळलं. मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. म्हाताऱ्यांनी रांग मोडली आणि आईपाशी येऊन बसल्या.

हौसरावांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, गाडी विहिरीजवळच्या कोरड्या जागी ओढून काढली. "आता निघा सुखरूप," म्हणाले.

निघायचं कसं? चावी गायब!

खिसे पालथे, गाद्या पालथ्या, बेसिनखाली हात घालून झाले. हौसराव चिखलात चाचपत होते. मोतीबिंदूवाल्या म्हातारीनंही डोळ्यांवर हात धरून शोधली! साधना तर माझ्यावर अशी घसरली की विचारू नका. "चांगलं घर सोडून चाकावर बसवलं आन् एक चावी सांभाळता येईना!"

मी घामाघूम होऊन आईशेजारी बसलो. तिनं सुपारीसाठी कनवटीची चंची सोडली. कात, चुना, सुपारी आणि खाली माझी चावी! आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं.

"घावली का रं?"

"न्हाई आई. घावंना."

आणि मी उठून परत सीटखाली शोधायला लागलो.

मुक्काम वाढत गेला. हौसरावांच्या घरून रोज पिठलं-भाकरी यायला लागली. आईनं विहिरीजवळ तीन दगड मांडून चहा केला, रोज संध्याकाळी दिवा लावला आणि रोज दुपारी तिथंच पदर पसरून झोपली. दुसरी चावी न्हावऱ्याहून मागवा म्हणून साधना डोकं खात होती. मी आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिलो.

मग एका सकाळी उठलो तर सगळं सामान बांधलेलं! शेगडी, बादली, संडासाचं दारसुद्धा! आणि चावी स्टिअरिंगला, त्याच गाठीनं गच्च बांधलेली. आई विहिरीपाशी पाठमोरी बसली होती.

मी गाठ सोडायला बसलो. ऊन डोक्यावर आलं तरी बसलोच होतो, आणि तिकडं आईही.

"अहो, सुटंना तर कापा की!" साधना वैतागली. "सुरी देऊ का?"

"आपल्यात दोर कापत न्हाईत," मी म्हणालो.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, साधनाला कळू देऊ नका. गाठ सकाळीच सुटली होती. मी नुसती बोटं हलवत होतो!