केशरबाईचे डोहाळे

अनसिंगच्या शेषरावांनी पोराच्या लग्नासाठी भिंती सारवून घेतल्या आणि तीच माती खाताना बायकोला पकडलं. चव्वेचाळिशीची केशरबाई, दोन महिन्यांनी सासू होणार, आणि ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीचा पोपडा पेढ्यासारखा चघळत होती.

"काय खाऊन राह्यली वं?"

"मातीचा वास आला का मले राहवतच नाही. अन् सकाळी मळमळते."

शेजारच्या चंपाबाईनं हे कुडाआडून ऐकलं. केशरबाई तीन महिने बाजूला बसली नव्हती हे तिला ठाऊक होतंच. तिनं मनाशी हिशोब जुळवला, आणि बातमी बाजारच्या एसटीत बसून केनवडला, म्हणजे थेट होणाऱ्या सुनेच्या माहेरी पोचली.

शेषरावांना गावात तोंड दाखवायची चोरी झाली. त्यांच्याच भिंतीवर ग्रामसेवकानं कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता. येणारा-जाणारा आधी त्रिकोणाकडे बघे, मग त्यांच्याकडे. सोयरीक मोडली तर पोराला, ग्यानबाला, मुलगी कोण देणार, या धास्तीनं ते बायकोला घेऊन वाशिमच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, रक्त-लघवी तपासली.

"दिवसबिवस काही नाहीत. पोटात जंतू झालेत, अन्न अंगी लागत नाही. रक्त कमी झालं, म्हणून माती खावीशी वाटते. ग्रंथींचंही काम बिघडलं, म्हणून पाळी थांबली. औषध घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या, सगळं जागेवर येईल."

शेषराव इतके खूश झाले की त्यांनी बसस्टँडवर बायकोसाठी भजी घेतली आणि तिच्या पोटाची आठवण होताच स्वतःच खाल्ली.

घरी येऊन पाहतात तर ओसरीवर केनवडचे व्याही दौलतराव बसलेले.

"सोयरीक मोडू नोका," शेषराव घाईनं म्हणाले. "हिले दिवस नाही गेले. पोटात जंतू हायेत. डागदरनं सांगतलं."

दौलतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "खरंच जंतू हायेत?"

"खरंच."

"मंग मेलो मी." दौलतरावांनी पिशवीतून खण-नारळ काढून समोर ठेवला. "आमच्या घरची, पोरीची माय, पोटुशी हाये. पाचवा लागला. तुमी सोयरीक मोडसान म्हनून लपवलं होतं. रडून रडून डोये सुजले होते तिचे. विहीनबाईचं ऐकलं अन् परवा पयल्यांदा पोटभर जेवली. हा खण तिनंच धाडला."

लाजेपायी विहिरीवर जाणं सोडलेल्या केशरबाईला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"लगनापर्यंत जंतूचं कोनाले सांगू नोका," ती म्हणाली. "एकटीले हासतीन लोकं. दोघींले हासले त हासू द्या."

"अवं, पन माह्यं काय?" शेषराव कळवळले.

ती तोवर कुडापाशी पोचलीही होती. "चंपाबाई, चिंच हाये का वं घरात? लय आंबट खा वाटून राह्यलं."

चंपाबाई पदरात मावतील तेवढ्या चिंचा घेऊन धावत आली. शेषरावांनी लोहाच्या गोळ्यांची बाटली मुकाट्यानं धोतराच्या सोग्यात लपवली.