वाघ्या सुटला!

"सर, तुम्ही कधी कोणाला मारलं का?" उर्वशीनं विचारलं.

गुणवंतराव मेश्राम खुर्चीत ताठ झाले. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं होतं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. एवढ्या काळात प्रश्न विचारायचं काम कायम त्यांच्याकडे होतं. आज त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच चटईवर बसून पंचविशीतली एक मुलगी मोबाईलवर त्यांचे गुण मांडत होती.

"म्हणजे कोणत्या अर्थानं?"

"म्हणजे राग आला की हात उचलता का? आमच्या फॉर्ममध्ये आहे ते."

"अर्ध्या गावाले मारलं यायनं," कमळाबाई चहा घेऊन बाहेर येत म्हणाल्या. "सरपंचबाईचा नवरा अजूनई यायले पाह्यलं का हात मागं लपवते."

उर्वशीनं मोबाईलवर काहीतरी टिपलं. गुणवंतरावांनी मान लांब करून पाहिलं, पण दिसलं नाही.

उर्वशी चंद्रपूरला बेवारस जनावरांचा निवारा चालवायची. डोंगरटोल्यासारख्या ब्रह्मपुरीपासून आत असलेल्या गावात ती आली होती, ती गुणवंतरावांच्या मुलीमुळे. रश्मी पुण्याला नोकरीला होती. डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलंय आणि बाबा चालत नाहीत, हे कळल्यावर तिनं पुण्यात बसून त्यांच्यासाठी एका कुत्र्याचा अर्ज भरला होता. कुत्रा असला की बाबांना बाहेर पडावंच लागेल, असा तिचा हिशोब.

गुणवंतरावांना कुत्रा नको होता. पण नापास होणंही नको होतं. त्यामुळे पुढचा अर्धा तास त्यांनी कुंपणाची उंची, पाण्याची सोय आणि स्वतःचा स्वभाव यांबद्दल इतकी चोख उत्तरं दिली, की उर्वशीनं जीपमधून कुत्रा उतरवलाच.

दहा महिन्यांचा होता. आई चंद्रपूरच्या बसस्टँडवरची, वडील कुठल्यातरी बंगल्यातले. रंग पिकल्या धानाचा, एक कान उभा, एक पडलेला. जीपमधून उतरला, चार पावलं चालला आणि गुणवंतरावांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपी गेला.

"शांत आहे ना?" गुणवंतरावांनी विचारलं.

"आत्ता तर एकदम शांत आहे, सर."

'आत्ता' या शब्दाकडे जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाचं लक्ष गेलं नाही.

निवाऱ्यात त्याचं नाव ब्रूनो होतं. गुणवंतरावांनी ते तिथल्या तिथे रद्द केलं. "मराठी घरात मराठी नाव. वाघ्या!"

"अवो, गावाच्या भवताल खरे वाघ फिरून राह्यले," कमळाबाई म्हणाल्या. "दुसरं नाव नाई भेटलं का?"

"कुत्र्याचं नाव वाघ्याच असतं. पिढ्यान् पिढ्या आहे."

तीन दिवस वाघ्या खाण्यापुरता उठला आणि पुन्हा झोपला. गुणवंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "शिस्त म्हणतात ती ही. जनावराला माणूस कळतो." वाघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि तो औषधांच्या गुंगीत होता, हे उर्वशीनं दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी औषधं संपली.

सकाळी सहाला वाघ्या उठला आणि घरात जे जे हलत होतं त्याच्याशी, आणि जे हलत नव्हतं ते हलवून, खेळला. दुपारपर्यंत कमळाबाईंचं वाळत घातलेलं लुगडं शेजारच्या मुखरूच्या वांग्यांवर पसरलेलं होतं. संध्याकाळी त्याला दाराची कडी नाकानं उघडता येते, हे सगळ्यांना कळलं. सहाव्या दिवशी गुणवंतराव त्याला घेऊन फिरायला निघाले आणि पाहणाऱ्यांचं म्हणणं असं पडलं की सरांचे पाय फक्त अधूनमधून जमिनीला लागत होते.

आठव्या दिवशी त्यांनी उर्वशीला फोन लावला. "पोरी, तुझा कुत्रा घेऊन जा."

"सर, एनर्जी खूप आहे त्याच्यात. थकवा त्याला रोज."

"मी थकलो. त्याचं काय?"

"बरं," उर्वशी जराशी उतरलेल्या आवाजात म्हणाली. "रविवारी येते मी."

तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी साडेसातला गुणवंतराव त्याला फाटकाबाहेर घेऊन आले. बांधावरून एक बगळा उडाला. वाघ्यानं मान अशी काही आखडली की गळ्यातला पट्टा अख्खाच्या अख्खा गुणवंतरावांच्या हातात आला, आणि वाघ्या रस्ता ओलांडून समोरच्या धानात नाहीसा झाला. गुणवंतराव, लुंगी आणि बनियनमध्ये, त्याच्यामागे धानात नाहीसे झाले.

कमळाबाई फाटकाशी आल्या आणि जीव खाऊन ओरडल्या, "वाघ्या सुटलाऽ! धानात शिरलाऽ! अवो, कोणी जा ना बापा, सर एकटेच गेले!"

रस्त्यावर मुखरू दात घासत उभा होता. डोंगरटोल्यात असली आरोळी ऐकल्यावर शेवटच्या 'या'साठी कोणी थांबत नाही. गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेली गावची एक बाई परत आली नव्हती. मुखरू तोंडातल्या फेसासकट पळाला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चढला आणि धापा टाकत म्हणाला, "वाघ! सरायच्या घरासमोर! सर धानात!"

धान कापणाऱ्या बाया विळे टाकून बांधावर आल्या. शाळेची दारं आतून लावली गेली. 'डोंगरटोला विकास मंच' या ग्रुपवर पहिला निरोप पडला : 'वाघ गावात. कोणी बाहेर निघू नये.' तो वाचून सगळं गाव बाहेर निघालं.

वनरक्षक सुनील पंधरा मिनिटांत मोटारसायकलवर आला. तो गुणवंतरावांचाच विद्यार्थी. त्यानं लोकांना मागं हटवलं, वर फोन केला आणि धानाकडे पाहिलं. मधोमध धान हलत होतं.

"तो पाह्य," मुखरू कुजबुजला. "पाठ दिसली मले. पिवळी!"

तेवढ्यात दुसऱ्या टोकालाही धान हललं. हे दुसरं हलणं म्हणजे गुणवंतराव होते. ते वाकून, गोड आवाजात, "ये राजा, बिस्कूट देतो" म्हणत होते. पण तिथपर्यंत कोणाला ऐकू जात नव्हतं.

"दोन आहेत," सुनील मागं सरकत म्हणाला. "जोडी आहे."

आणि सर? सर कुठेच दिसत नव्हते. जोडी आहे आणि सर दिसत नाहीत, यावरून लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. सरपंच बायनाबाई कमळाबाईंना धरून घरात घेऊन गेल्या. कमळाबाई "अवो कुत्रा, कुत्रा" म्हणत होत्या. "होय बाई, वाघ कुत्र्यामांगंच येते," बायनाबाई त्यांना थोपटत म्हणाल्या आणि साखरपाणी देत राहिल्या. इकडं तालुक्याहून बेशुद्धीच्या बंदुकीसह डॉक्टर निघाले. त्यांच्यामागे मोठे साहेब येणार, साहेबांमागे वार्ताहर येणार, असं कळलं. हायवेवरचा जेसीबी कोणीतरी गावाकडे वळवला.

गुणवंतराव मात्र साडेदहाच्या सुमाराला शेताच्या पलीकडच्या नाल्याच्या काठावर बसले होते. वाघ्या सापडला होता. म्हणजे तीन तास पळून झाल्यावर तो आपणहून आला होता आणि चिखलानं माखलेलं डोकं त्यांच्या तितक्याच माखलेल्या मांडीवर ठेवून पडला होता. इतका थकलेला की शेपटीचं फक्त टोक हलत होतं. गुणवंतरावांचंही आज किमान सहा किलोमीटर चालणं झालं होतं. त्यांनी त्याच्या पडलेल्या कानामागे खाजवलं. "परवा जाशील तू," ते म्हणाले, आणि आपला आवाज असा का आला हे त्यांना कळेना.

लुंगीच्या कनवटीतला मोबाईल मगापासून थरथरत होता. त्यांनी चष्मा पुसला आणि ग्रुप उघडला.

सगळ्यात वर त्यांचाच फोटो होता, निवृत्तीच्या कार्यक्रमातला, हारासकट. खाली लिहिलं होतं : 'मेश्राम सर यांना भावपुर्न श्रध्दांजलि.' त्याखाली सदुसष्ट जणांनी हात जोडले होते. कोणी लिहिलं होतं, 'सरांमुळेच मी घडलो.' कोणी लिहिलं होतं, 'सरांच्या छडीची आज आठवण येते.' गुणवंतरावांनी सगळं दोनदा वाचलं. डोळे भरून आले. मग नजर पुन्हा पहिल्या ओळीवर गेली आणि भरलेले डोळे कोरडे झाले. चौतीस वर्षं शिकवून हे? स्वतःच्या मरणात ते हस्तक्षेप करणार नव्हते, पण हे सहन होणारं नव्हतं. चिखलाच्या बोटानं त्यांनी टाईप केलं :

'भावपूर्ण – पू दीर्घ, ण बाणातला. श्रद्धांजली – शेवटचा ली दीर्घ. दुरुस्त करून पुन्हा टाकावे. – गु. मेश्राम.'

बांधावर एकाच वेळी शंभर मोबाईल वाजले.

"सरायचा मेसेज आला," मुखरू पांढरा पडला. "वाघानं मोबाईल नाई खाल्ला वाटते."

"चूक काढली म्हणजे सर जित्ते आहेत," सुनील म्हणाला. त्याला शंकाच उरली नाही. त्यानं लगेच फोन लावला. "सर, कुठी आहा? हलू नोका! धानात दोन वाघ आहेत. डॉक्टरसाहेब बंदूक घेऊन बसले. आता तुमच्या बाजूनं पिवळं काही दिसलं का इंजेक्शन मारतेत."

गुणवंतरावांनी मांडीवरच्या पिवळ्याकडे पाहिलं. "केवढं इंजेक्शन?"

"वाघाचं, सर. दीडशे किलोच्या जनावराचं."

वाघ्याचं वजन उर्वशीच्या कागदावर होतं : सतरा किलो. त्यानं नेमका त्याच वेळी कान उभा केला, आणि अंगातला थकवा संपल्यासारखा बंदुकीच्या दिशेनं उठू लागला. गुणवंतरावांनी त्याला कवेत घेतलं, छातीशी घट्ट आवळलं आणि पाठ धानाकडे करून उभे राहिले. बंदूक सुटलीच, तर आधी आपल्याला लागावी, एवढाच त्यात विचार होता. उभ्या आयुष्यात वापरली नव्हती त्या बोलीत आणि त्या आवाजात ते फोनवर ओरडले, "अबे सुन्या, मारू नोको बे! माहा कुत्रा हाये!"

मग डॉक्टरांनी बंदूक खाली केली आणि मान फिरवून हसू दाबू लागले.

सुनील, मुखरू आणि घरून धावत आलेल्या बायनाबाई नाल्याशी पोहोचले. बाकीचं गाव दोरीमागे लांब होतं. चिखलात न्हालेले मुख्याध्यापक आणि त्यांचा गाल चाटणारा कुत्रा, दोघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं.

"चूक झाली," गुणवंतराव पुन्हा शुद्ध मराठीवर आले. "मी आत्ताच सर्वांसमोर जाहीर माफी मागतो."

"थांबा सर," बायनाबाई हळूच म्हणाल्या. "मांगं वळून पाहा जरा."

गुणवंतरावांनी पाहिलं. शाळेच्या वाटेवर, जिथं दोन वर्षं माणसाच्या उंचीचं झुडूप माजलं होतं, तिथं जेसीबी फिरत होता. रस्त्याच्या पाच खांबांवर पाच माणसं चढली होती आणि नवे दिवे बसत होते. या झुडपासाठी आणि या दिव्यांसाठी, त्या मोहफुलांवाल्या बाईचं झाल्यापासून, गुणवंतरावांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात अकरा अर्ज लिहिले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

"साहेब दुपारी येऊन राह्यले, म्हणून चाललं हे," बायनाबाई म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबायनं गप्प राहतो म्हणलं. अजून तीन खांब बाकी आहेत. कुत्रा होता म्हणलं तर ते लोक उतरतीन ना जी खाली."

"पण हे खोटं आहे, बायनाबाई."

"माह्या डोयानं पाह्यला मी वाघ," मुखरू दुखावलेल्या स्वरात म्हणाला. त्याचा प्रश्न निराळा होता.

सुनीलनं वही काढली. "सर, जबाब तं लागनच. तुमी सांगा, मी लिहितो. जे पाह्यलं तेच सांगा."

गुणवंतरावांनी एकदा जेसीबीकडे आणि एकदा वाघ्याकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि सावकाश, श्रुतलेखनाच्या तासाला सांगावं तसं, सांगितलं : "सदर जनावर चार पायांचे, पिवळसर वर्णाचे, अत्यंत चपळ आहे. स्वल्पविराम. ते मनुष्यास घाबरत नाही. पूर्णविराम. ते अद्याप गावाच्या हद्दीतच वावरत असून यापुढेही वावरेल, अशी माझी खात्री आहे. 'खात्री'तला री दीर्घ."

मुखरूच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला वाघ्या घरी आला. संध्याकाळी आठही दिवे लागले. शनिवारी सकाळी गुणवंतरावांनी उर्वशीला फोन करून रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले की कुत्रा सध्या एका शासकीय प्रकरणात साक्षीदार आहे.

पंधरा दिवसांनी बायनाबाई पुन्हा दारात आल्या. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, तरी उठेनात.

"बोला," गुणवंतराव म्हणाले.

"पाण्याच्या टाकीचं काम अडलं जी, सर. कागद तिकडंच पडून आहे. म्या म्हणलं..." त्यांनी अंगणात मातीत लोळणाऱ्या वाघ्याकडे नजर टाकली. "टाकीच्या बाजूनं एखादी चक्कर मारून आणता का त्याले?"

गुणवंतराव भयंकर संतापले. लोकशाही, नागरिकांचे हक्क आणि प्रामाणिकपणा यांवर ते पूर्ण दहा मिनिटं बोलले. बायनाबाईंनी पदर सावरून सगळं ऐकून घेतलं. कमळाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मग गुणवंतराव थांबले, खुंटीवरचा पट्टा काढला आणि पायात चपला सरकवत म्हणाले, "नाल्याकडून गेलो का जास्त लोकायले दिसन, का शाळेकडून?"